गुन्हा ठरलाय, कोर्ट भरायचंय

छत्रपती संभाजीनगर,
जून महिना, नळाचा वार

प्रिय बयो,

पहाटेपासून हंडे, पिंपं, वरची टाकी, खालचा हौद असं सगळं भरून झालं आणि आता कंबर टेकून तुला लिहायला बसलेय. पहिला पाऊस येऊन गेला. औरंगपुऱ्यात नेहमीसारखं तळं साचलं, रिक्षावाले नेहमीसारखे भाडं वाढवून मागू लागले, म्हणजे सगळं ठीक आहे.

तुझं पत्र मिळालं. तुमच्या मेलबर्नच्या वाचक मंडळाने काफ्काची 'द ट्रायल' घेतली, निम्म्या बायकांनी मध्येच टाकून दिली आणि तुला मात्र रात्रभर झोप आली नाही, हे वाचून मला आपलं कॉलेजचं वसतिगृह आठवलं. तेव्हाही भुतांच्या गोष्टींनी तुला काही व्हायचं नाही, पण परीक्षेच्या हॉलतिकिटावर नाव चुकलं की ताप भरायचा. शेवटी तू विचारलंयस, 'आपल्याकडे इतकी माणसं कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात, मग मराठीत असं कोणी लिहिलंच नाही का गं?'

उत्तर एका शब्दात देता आलं असतं: तेंडुलकर. पण तेवढ्यावर तुझं समाधान व्हायचं नाही आणि माझंही.

आधी तुझ्या जोसेफ के.बद्दल. तिसाव्या वाढदिवशी सकाळी दोन माणसं खोलीत शिरतात, अटक झाल्याचं सांगतात, वर त्याचा नाश्ता खाऊन टाकतात आणि शेवटी, बँकेत कामाला जायला हरकत नाही, असंही बजावतात. तुला यात भीती दिसली. मला आधी हसू आलं, आणि मी एकटीच तशी नाही बरं. काफ्काने पहिलं प्रकरण मित्रांना वाचून दाखवलं तेव्हा तो स्वतः आणि ऐकणारे इतके हसत सुटले की वाचन मध्येच थांबायचं, असं त्याच्या मित्राने, मॅक्स ब्रोडने, लिहून ठेवलंय. काफ्का स्वतः कायद्याचा डॉक्टर, प्रागमध्ये कामगारांच्या अपघात विम्याच्या कचेरीत नोकरीला. कोणाचं बोट तुटलं, कोणाचा हात यंत्रात गेला, त्याची फाइल कुठवर आली, हे त्याचं रोजचं काम. त्याला फायली बाहेरून बघायची गरजच नव्हती.

मला त्यातली सगळ्यात आवडती जागा म्हणजे तो चित्रकार टिटोरेली. न्यायाधीशांची चित्रं काढतो म्हणून त्याची कोर्टात वट. तो जोसेफला सुटकेचे तीन मार्ग सांगतो. पहिला, खरीखुरी निर्दोष सुटका, जी त्याने स्वतः कधी झालेली पाहिली नाही. दुसरा, वरवरची सुटका, म्हणजे आज सुटलास तरी घरी पोचेपर्यंत पुन्हा अटक होऊ शकते. आणि तिसरा, खटला सदैव पहिल्याच पायरीवर रेंगाळत ठेवायचा. बाई, आपल्या अदालत रोडवर झाडाखाली डबा उघडून बसलेल्या कोणत्याही पक्षकाराला विचार. तो हे तिन्ही मार्ग टिटोरेलीपेक्षा चांगले समजावून सांगेल, आणि तिसरा मार्ग खरा वकिलीतला, हेही सांगेल. पेशी, मुदत, पुढची तारीख. सिल्लोड, कन्नड, वैजापूरहून पहाटेच्या एसटीने आलेली ही माणसं. त्यांच्यातल्या कितीतरी जणांचा मूळ भांडणातला राग कधीच विरलेला असतो, उरलेली असते फक्त तारीख.

हायकोर्टाची गोष्ट तर काफ्कालाही सुचली नसती. १९५६मध्ये मराठवाडा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला आणि आपलं हायकोर्ट एकदम मुंबईला गेलं. पुढे कितीतरी वर्षं मागणी झाल्यावर २७ ऑगस्ट १९८१ला इथे खंडपीठ सुरू झालं. लगेच त्या आदेशालाच कोर्टात आव्हान दिलं गेलं, आणि मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःच्याच खंडपीठाचा आदेश रद्द ठरवला! सर्वोच्च न्यायालयाने १९८२मध्ये तो पुन्हा वैध केला आणि १९८४मध्ये खंडपीठ कायम झालं. म्हणजे जालना रोडवरचं ते खंडपीठ, जिथे आज नंदुरबारपासून लातूरपर्यंतची माणसं दाद मागायला येतात, तेही एकदा आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहून सुटलेलं आहे.

आणि आजोबांच्या वेळी काय होतं ते तुला सांगितलंय का मी कधी? निजामाच्या राज्यात कोर्टाचा कारभार उर्दूत. समन्स उर्दूत, फैसला उर्दूत. आमचे आजोबा मोडी वाचणारे. कागद आला की ते आधी शेजारच्या मौलवींकडे जायचे, तो वाचून घ्यायचे आणि मग वकिलाकडे. आपल्यावर काय दावा लागलाय हे घरच्यांच्या आधी शेजाऱ्याला कळायचं.

ही गोष्ट मी गंमत म्हणून सांगत आले, पण तुझं पत्र वाचल्यावर वाटलं, खरा फरक इथेच आहे. काफ्काच्या कोर्टात जोसेफला आरोप माहीत नाही, न्यायाधीश कधी दिसत नाही, कोर्ट कुठल्यातरी चाळीच्या माळ्यावर, वाळत घातलेल्या कपड्यांच्या मागे. आपल्याकडे मात्र आरोप सगळ्या गल्लीला पाठ असतो, न्यायाधीश कालच आपल्याकडे चहा पिऊन गेलेला असतो आणि निकाल कोर्ट भरायच्या आधीच लागलेला असतो. आपल्याकडची जी खरी न्यायकथा आहे ना, तिच्यात अनोळखी कोणी नसतंच.

सगळ्यात जुनी तर आपल्या पैठणचीच. दीड तासाच्या रस्त्यावरची. नाथषष्ठीला आपण गेलो होतो, तेव्हा नागघाटावर तू उन्हाने वैतागली होतीस, आठवतंय? तीच जागा. आपेगावचे विठ्ठलपंत संसार सोडून काशीला गेले, संन्यास घेतला. गुरूला कळलं की घरी बायको आहे आणि तिची संमती नव्हती, म्हणून त्यांनी परत पाठवलं. विठ्ठलपंत आळंदीला परतले, संसार केला, चार मुलं झाली. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता. आता आरोप बघ: संन्यास घेऊन पुन्हा गृहस्थ झाला. बचाव: गुरूची आज्ञा होती. बचाव खरा होता, सगळ्यांना माहीत होता, आणि त्याने तिळमात्र फरक पडला नाही. पंडितांनी पोथ्या उलगडल्या आणि प्रायश्चित्त सांगितलं, देहान्त. म्हणजे मरा. मारणार मात्र कोणी नाही, तुमचं तुम्हीच मरा. परंपरा सांगते की नवराबायकोने तीर्थात देह सोडला.

काफ्का असता तर कादंबरी इथेच संपवली असती. जोसेफ के. संपला की खटला संपतो. पैठणच्या गोष्टीत मात्र आरोपी मेल्यावरही प्रकरण बंद होत नाही, ते मुलांच्या नावावर चढतं. आईबापांनी शिक्षा भोगली तरी मुलांची मुंज होणार नाही. मग ही पोरं चालत पैठणला जातात, तिथल्या धर्मसभेपुढे उभी राहतात, शुद्धिपत्र द्या म्हणतात. जन्माला आल्याच्या गुन्ह्याचं निर्दोषत्व सिद्ध करायचं म्हणजे पुरावा तरी काय देणार? तेव्हा तो रेडा येतो. ज्ञानदेव त्याच्या मस्तकावर हात ठेवतात आणि तो वेद म्हणू लागतो. शुद्धिपत्राचा काळ परंपरेने शके १२०९ सांगितला जातो, म्हणजे इसवी सन १२८७.

रेड्याने वेद म्हटले की नाही यावर तू आणि मी विज्ञानाच्या सरांशी भांडलो होतो. आता मला त्यात रस नाही. धर्मसभेने मत बदललं, हा मला रेड्यापेक्षा मोठा चमत्कार वाटतो. आणि तिथेही बघ ना, चमत्कार झाल्यावरसुद्धा कागद लागलाच. सभेच्या मंडळींनी पोरांना नुसतं पोटाशी धरलं असतं तर चाललं असतं, पण नाही, लेखी हवं. या न्यायनिवाड्यात एक माणूस परका नाही. सगळे एका नदीकाठचे, एका पंक्तीतले. मुलांची नावं, गोत्र, आजोळ सगळं सभेला तोंडपाठ.

आणि आता तेंडुलकर. 'शांतता! कोर्ट चालू आहे' तू पाहिलंस ते स्पर्धेतलं, हौशी मंडळींचं, त्यातही मध्यंतरानंतर तुला झोप लागली होती (पुरावा माझ्याकडे आहे). म्हणून नीट सांगते.

लोकलच्या प्रवासात तेंडुलकरांना पार्ल्याला अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करायला निघालेली काही हौशी मंडळी भेटली, त्यांच्या गप्पांवरून हे नाटक सुचलं, असं त्यांनी सांगितलंय. अभिरूप न्यायालय म्हणजे आपल्या गणेशोत्सवात व्हायचं ना तेच. कोणी सासूवर खटला भरायचं, कोणी महागाईवर, आणि काळा कोट घातलेले वकीलसाहेब स्वतःच्याच विनोदावर हसायचे. १९६७मध्ये 'रंगायन'ने हे नाटक आणलं. दिग्दर्शन अरविंद देशपांडे, आणि लीला बेणारे म्हणून सुलभा देशपांडे. ज्यांनी तो प्रयोग पाहिला ती माणसं अजून त्याबद्दल बोलताना आवाज खाली आणतात.

मुंबईच्या 'सोनार मोती टेनामेंट'ची एक संस्था, गावोगावी जाऊन लोकशिक्षणासाठी अभिरूप न्यायालय करणारी. त्या रात्री अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांच्यावर अण्वस्त्रांबद्दल खटला चालवायचा आहे. संध्याकाळ रिकामी आहे, गावातल्या सामंतांना कोर्ट कसं असतं ते दाखवायचंय, म्हणून सहज एक खोटा खटला उभा करू, असं ठरतं. आरोपी कोण? बेणारेबाई. शाळेत शिकवतात, तोंडाळ आहेत, हसतात मोठ्याने. आरोप कुठला? कुणाच्या तरी तोंडून निघतं, भ्रूणहत्या. भारतीय दंडविधान, कलम ३०२. सगळे हसतात. बाई क्षणभर गप्प होते.

पुढचं मी सांगायला नको. ती खरंच गरोदर आहे आणि ज्या प्राध्यापक दामल्यांमुळे आहे, ते त्या दिवशी आलेलेच नाहीत. मजा बघ, दामलेच आरोपीचे वकील होणार होते! त्यांची खुर्ची रिकामी, म्हणून सुखात्मे वकील दोन्ही बाजूंनी लढतो. आधी फिर्यादी पक्षाच्या खुर्चीत ताठ बसून, मग आरोपीच्या वकिलाच्या खुर्चीत खांदे पाडून. जोसेफ के.चा वकील हुल्ड निदान आजारी तरी होता.

आता ही न्यायसभा कोणाची आहे ते बघ. सुखात्मेला अशील मिळत नाहीत, बार रूममध्ये माशा मारत बसायचं आणि पत्ते खेळायचे. पोंक्षे शास्त्रज्ञाचा आव आणणारा, इंटर नापास. कर्णिक नट, पण कुठला. काशीकर समाजकार्याच्या गप्पा मारणारा, घरात मूलबाळ नाही, बायकोला चारचौघांत गप्प करण्यात धन्यता मानणारा. रोकडे त्यांच्या घरी वाढलेला, चहाच्या कपासारखा इकडून तिकडे हलवला जाणारा. सुरुवातीला बेणारे या प्रत्येकाचं नेमकं व्यंग चेष्टेत काढते. तेव्हा सगळे हसतात. कोर्ट भरल्यावर मात्र एकेक जण ते हसू परत घ्यायला येतो. त्यांनी तिच्यावर जो गुन्हा शाबीत केला, तो त्यांनी स्वतःच्या आयुष्यात मिरवलेल्या अपयशाचा आहे. जोसेफ के.च्या आत अपराध आहे की नाही, हे त्याला शेवटपर्यंत कळत नाही, आणि दस्तयेव्स्कीच्या रास्कोल्निकोव्हच्या आत, खून केल्यावर, तो इतका आहे की पोलिसांनी पकडलं नाही तरी तो आतूनच सडतो. बेणारेच्या कोर्टात मात्र अपराधीपण सगळं न्यायासनावर बसलेलं आहे, आणि पिंजऱ्यात उभी आहे ती त्या खोलीतली एकच जिवंत बाई.

मला या नाटकातले दोन प्रसंग कायम छळतात. पहिला, काशीकर न्यायाधीशाच्या खुर्चीवरून उठून साक्षीदाराच्या पिंजऱ्यात जातो, शपथ घेतो, बेणारेविरुद्ध साक्ष देतो, आणि परत जाऊन न्यायासनावर बसतो. तोच न्यायाधीश, तोच साक्षीदार. मध्ये कान कोरणंही चालू. कोणालाही त्यात काही वावगं वाटत नाही. दुसरा सामंतांचा. सामंत भला माणूस. साधा, हसरा, गावातला. त्याला चौथा साक्षीदार व्हायला सांगतात, त्याला काय बोलावं कळत नाही, म्हणून तो हातातल्या कादंबरीतलं काहीबाही घेऊन साक्ष रचतो, दामल्यांच्या खोलीत बेणारे रडत होती वगैरे. आणि ते खरं निघतं! सगळ्या नाटकात बेणारेवर सगळ्यात घातक घाव हा या सज्जन माणसाने घातलाय. शेवटी तो तिच्याजवळ कापडी पोपट ठेवतो आणि प्रेक्षकांना गलबलून येतं. मला नाही येत. माझ्या मते या नाटकातला सगळ्यात धोकादायक माणूस काशीकर नाही, सामंत आहे. कारण काशीकर ओळखू येतो. कार्यक्रम चाललाय, सगळे म्हणतायत, म्हणून मीही एक वाक्य बोललो, असं म्हणणारे सामंत मी प्रत्येक बारशाला, प्रत्येक सोसायटीच्या मीटिंगला बघते.

पोंक्षे आणि रोकडेचंही तेच. पोटातल्या मुलाला नाव मिळावं म्हणून तिने ज्यांच्याकडे जाऊन लग्नाचं विचारलं होतं, तेच हे दोघे, आणि तेच साक्षीला.

आणि निकाल! भ्रूणहत्येबद्दल दोषी, म्हणून शिक्षा काय, तर पोटातलं मूल नष्ट करण्यात यावं. ज्या गुन्ह्यासाठी तिच्यावर खटला, तोच गुन्हा करण्याचा कोर्टाचा हुकूम. काफ्काने एवढं मोठं तर्कट रचलं, पण हे एक वाक्य त्याच्या वहीत नाही.

तू लेक कायद्याच्या घरात दिलीस म्हणून एक गंमत सांगते, जावयाला वाचून दाखव. १९६७मध्ये आपल्या देशात गर्भपात सरळ गुन्हा होता, म्हणजे काशीकराचा निकाल स्वतःच बेकायदा. गर्भपाताचा कायदा संसदेने केला १९७१मध्ये, आणि त्याच साली सत्यदेव दुबेंनी या नाटकावर चित्रपट काढला. आणि ते कलम ३०२, ज्याचा उच्चार ऐकून आपण लहानपणापासून घाबरलो, ते आता खुनाचं राहिलंच नाही. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता आली, खुनाचं कलम झालं १०३. नव्या संहितेत ३०२ म्हणजे कोणाच्या धार्मिक भावना मुद्दाम दुखावतील असे शब्द उच्चारणं. सुखात्मेने आज तोच खटला त्याच कलमाखाली भरला तर बेणारेवर आरोप काय येईल? मला वाटतं, तिच्या मोठ्याने हसण्याचा. तोही मंडळींना चालून जाईल.

थट्टा सोड. पुराव्याच्या जुन्या कायद्यात एक तरतूद होती. बलात्काराच्या खटल्यात फिर्यादी बाईचं चारित्र्य चांगलं नव्हतं, असं दाखवून तिच्या साक्षीवर संशय घेता यायचा. १८७२पासूनची ती तरतूद काढून टाकली २००२-०३मध्ये. तोपर्यंत खऱ्याखुऱ्या कोर्टांत खरेखुरे सुखात्मे उभे राहून, 'बाई, तुमचं लग्न का झालं नाही?' असं विचारू शकत होते. तेंडुलकरांनी अतिशयोक्ती केली असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगते.

तुला ड्युरेनमाटची 'डी पाने' माहीत असेल. स्विस लेखक, १९५६ची गोष्ट. गाडी बंद पडलेला एक फिरता विक्रेता निवृत्त न्यायाधीशाच्या घरी रात्र काढतो, म्हातारे जेवणानंतर कोर्ट-कोर्ट खेळतात आणि याच्याकडून खून कबूल करून घेतात. 'शांतता'शी साम्य आहे, यावर खूप चर्चा झालीय. मला साम्यापेक्षा फरकच महत्त्वाचा वाटतो. तिथला आरोपी शेवटी खूश होतो! आपल्यासारख्या फडतूस माणसाच्या आयुष्यात एक मोठा गुन्हा निघाला म्हणून त्याची छाती फुगते, आणि गोष्टीत तो गळफास घेतो. बेणारेला तसला मोठेपणा नकोच आहे. तिला सकाळी शाळेत जायचंय.

इथवर आलीस म्हणजे आता 'कोर्ट' बघच. चैतन्य ताम्हाणेचा, २०१४चा. व्हेनिसला गाजला, राष्ट्रीय पुरस्कारात सर्वोत्तम चित्रपट ठरला, ऑस्करला भारताकडून गेला. तिथे तुझ्याकडे कुठेतरी मिळेलच. नारायण कांबळे नावाचा म्हातारा लोकशाहीर. आरोप असा, की वस्तीतल्या जलशात त्याने एक गाणं म्हटलं, ते ऐकून मॅनहोल साफ करणाऱ्या एका कामगाराने आत्महत्या केली. बास. वीरा साथीदारांनी ही भूमिका केलीय, नागपूरचे कार्यकर्ते, 'विद्रोही'शी जोडलेले. २०२१मध्ये कोविडने गेले. गाणी संभाजी भगतांची. आपल्या नागसेनवनात, मिलिंद कॉलेजच्या भागात लहानाची मोठी झालेली माझी एक विद्यार्थिनी हा चित्रपट बघून म्हणाली, 'मॅडम, यात नवीन काय आहे?' आणि तोच मला त्याचा सगळ्यात मोठा गौरव वाटला.

त्यात मेलेल्या कामगाराच्या बायकोची साक्ष आहे. तो दारू पिऊन गटारात उतरायचा, कारण तो वास सहन व्हायचा नाही. आत हवा आहे का ते कळायला आधी खडा टाकायचा आणि झुरळ बाहेर येतं का ते बघायचा. झुरळ आलं तर माणूस उतरू शकतो. विषारी वायूने एक डोळा गेलेला. ही साक्ष ऐकून चित्रपटातलं कोर्ट पुढचं काम पुकारतं. कोणी क्रूर नाही त्यात, हीच तर खोच. सरकारी वकीलबाई संध्याकाळी पोराला घेऊन घरी जातात, स्वयंपाक करतात, सुट्टीच्या दिवशी मराठी नाटक बघतात. न्यायाधीश पिकनिकला जातात, तिथे कोणाच्या तरी मुलाच्या आजारावर खड्याची अंगठी सुचवतात. आपण असतो ना तसेच. मामा, काकू, वरच्या मजल्यावरचे जोशी. म्हणजे इथेही पुन्हा ओळखीचीच माणसं. फक्त तेंडुलकरांची मंडळी मनातून पेटलेली आहेत, आणि ताम्हाणेची मंडळी दमलेली. दमलेली मंडळी जास्त नुकसान करतात की पेटलेली, यावर आमच्या मंडळात दोन तट पडलेत. मी दमलेल्यांच्या विरुद्ध आहे.

जी. ए. कुलकर्णींच्या 'स्वामी' कथेबद्दल लिहिणार होते, त्या मठाबद्दल, जिथे एका वाटसरूला आदराने, पाया पडून, कोंडून टाकतात. पण त्याच्यावर वेगळं पत्र लागेल. तिथेही छळणारे किती गोड बोलतात!

आता तुझ्या काफ्काकडे परत येते, कारण हे सगळं लिहिता लिहिता मी त्याचं चरित्र पुन्हा चाळलं आणि चकित झाले. तू म्हणतेस, त्याचं कोर्ट परकं, थंड, बिनचेहऱ्याचं. पण ते आलं कुठून? जुलै १९१४, बर्लिनमधलं एक हॉटेल. काफ्काचं फेलिस बाऊरशी लग्न ठरलेलं. त्या खोलीत फेलिस, तिची बहीण एर्ना आणि मैत्रीण ग्रेटे ब्लॉख. याच ग्रेटेला त्याने मनातलं बरंच पत्रांतून लिहिलं होतं. तीच पत्रं तिथे पुराव्यासारखी निघाली. तो आपल्या बाजूने जवळजवळ काहीच बोलला नाही. लग्न मोडलं. डायरीत त्याने त्या प्रसंगाला हॉटेलातलं न्यायालय असंच म्हटलंय. आणि ऑगस्टमध्ये तो 'द ट्रायल' लिहायला बसला. लेखक एलियास कानेटीने पुढे यावर एक सबंध पुस्तक लिहिलं.

म्हणजे बघ बयो, त्याचंही कोर्ट ओळखीच्यांचंच होतं! ज्या मैत्रिणीला विश्वासाने लिहिलं तीच साक्षीदार, जिच्याशी लग्न व्हायचं तीच फिर्यादी, आणि आरोपी गप्प. अगदी बेणारेसारखा. फरक एवढाच की काफ्काने लिहिताना ते चेहरे पुसून टाकले. खोलीतली तीन माणसं काढली आणि त्यांच्या जागी न संपणारे जिने, माळे, कारकून ठेवले. कदाचित ते चेहरे लिहिणं त्याला झेपलं नसतं. तेंडुलकरांनी एकही चेहरा पुसला नाही. कानकोरणंसुद्धा ठेवलं. म्हणून 'द ट्रायल' वाचून तुला झोप आली नाही आणि 'शांतता' बघून मला दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये जायला नको झालं होतं.

तुमच्या मंडळाला हे सांग. आणि शक्य असेल तर नाटकाचं इंग्रजी भाषांतर मिळवून एकत्र वाचा, भूमिका वाटून. आम्ही इथे पावसाळ्यात तेच करायचं ठरवलंय, निराला बाजारातल्या एकीच्या घरी, भजी तिच्याकडे. भूमिका वाटताना काय झालं माहितीये? मला वाटलं होतं सगळ्या बेणारे मागतील. कोणीच मागितली नाही. काशीकरासाठी मात्र चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या, एकीने तर घरून खलबत्त्यातला बत्ता आणलाय, टेबलावर आपटायला. दामल्यांच्या रिकाम्या खुर्चीसाठी एक मोडकी खुर्ची आहे, ती तशीच ठेवू.

बेणारे कोण करणार ते अजून ठरलेलं नाही. जुलैअखेर येणार होतीस ना तू? तिकीट काढलंस की तारीख कळव, आणि कृपा करून या वेळी पुढची तारीख मागू नकोस. येताना जावयाचं ते व्हेजिमाइट आणू नकोस, मागची बाटली अजून फ्रिजमध्ये तशीच आहे.

तुझीच,
गुलमंडीवाली